सर्वांत थोर कोण? पोलचं बटण दाबण्याआधी आतली यंत्रणा बघूया

आज एखाद्या नव्या ॲपची किंवा फोनची ओळख नाही. आज बोलायचंय एका जुन्या प्रश्नाबद्दल, जो आता मोबाइलवर येऊन बसलाय : "आपल्या इतिहासातलं सर्वांत थोर व्यक्तिमत्त्व कोण? खाली मत द्या."

मी कबनूरचा. इचलकरंजीला चिकटून असलेलं हे गाव. दिवसरात्र मागांचा खडखडाट, आणि तेवढाच खडखडाट आमच्या दहावीच्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. त्या ग्रुपचा मी ॲडमिन. गेल्या २६ जूनला, शाहू जयंतीच्या सकाळी, एका मित्राने ग्रुपवर पोल टाकला : "महाराष्ट्राच्या इतिहासातील सर्वांत महान व्यक्ती कोण?" खाली बारा नावं. अकरा पुरुष, एक बाई. दुपारपर्यंत मतांचा पाऊस पडला. आधी मजा होती. मग "हे नाव दुसऱ्या नंबरला कसं काय?" सुरू झालं. मग जातीवर आलं.

रात्री नऊच्या सुमारास माझ्या लक्षात आलं की एका वर्गमित्राने आपलं मत बदललंय. दुसऱ्या दिवशी चहाच्या गाड्यावर भेटला तेव्हा सहज विचारलं. म्हणाला, "फोन आला हुता रे. 'तुझं मत तिकडं कसं?' म्हणून. मला काय वाटतंय ते मला ठावं हाय. पण उद्या ह्याच लोकांच्यात माग चालवायचाय न्हवं?"

त्याचं हे बोलणं डोक्यातून जाईना. थोरपण मोजायला निघालो होतो, आणि मोजलं गेलं ते कोण कुणाला घाबरतं ते. म्हणून हा लेख. अशा पोलच्या आत नक्की काय चालतं, आकडा कुठून येतो, आणि त्यातलं किती खरं मानायचं, ते नीट बघूया.

२०१२ : देशभर झालेला मोठा पोल

आपल्याकडचं सर्वांत मोठं उदाहरण म्हणजे 'द ग्रेटेस्ट इंडियन'. आउटलुक साप्ताहिक, सीएनएन-आयबीएन आणि हिस्ट्री टीव्ही १८ यांनी २०१२ मध्ये घेतलेला हा पोल. मूळ कल्पना बीबीसीची. ब्रिटनमध्ये २००२ साली 'शंभर थोर ब्रिटिश' असा कार्यक्रम झाला होता, त्याचा हा भारतीय अवतार.

नियम काय होते? पहिला : स्वातंत्र्यानंतरच्या काळातलीच माणसं. दुसरा : महात्मा गांधी यादीत नाहीत. त्यांच्या जवळपास कुणी येऊ शकणार नाही, म्हणून स्पर्धा त्यांच्यानंतरच्या जागेची. नावांची मोठी यादी चाळून ५० नावं ठरली आणि त्यातून शेवटची १०. निकाल तीन गोष्टी एकत्र करून लागणार होता : लोकांची मतं (वेबसाइट आणि मिस्ड कॉल), २८ जणांच्या ज्यूरीचं मत, आणि नीलसन या संस्थेने केलेली पाहणी.

११ ऑगस्ट २०१२ ला निकाल जाहीर झाला. पहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर, लोकांची मतं १९,९१,७३४. दुसरे डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम, १३,७४,४३१. तिसरे सरदार पटेल, ५,५८,८३५. दहाही नावांची मतं मिळून साधारण ४३ लाख होतात, म्हणजे जवळजवळ निम्मी मतं एकट्या बाबासाहेबांना.

आता खालची गंमत बघा. लोकांच्या मतांत नेहरू दहाव्या, म्हणजे शेवटच्या जागी होते : फक्त ९,९२१ मतं. पण अंतिम यादीत ते चौथे. अटलबिहारी वाजपेयींना लोकांची १,६७,३७८ मतं, म्हणजे नेहरूंच्या जवळजवळ १७ पट. अंतिम यादीत त्यांची जागा नववी. एकेकाळी कोल्हापुरात मास्टर विनायकांच्या कंपनीत काम केलेल्या लतादीदींना ११,५२० मतं, त्या दहाव्या.

लबाडी झाली का? नाही. हे गणित आहे.

क्रमांकांची बेरीज काय करते?

तीन वेगवेगळ्या मापांची बेरीज थेट करता येत नाही. एकीकडे लाखांत मतं, दुसरीकडे २८ माणसं. मग सोपा मार्ग म्हणजे प्रत्येक मापातला क्रमांक घ्यायचा आणि क्रमांकांची सांगड घालायची. आपलंच एक काल्पनिक उदाहरण घेऊ. 'क' हे नाव लोकांच्या मतांत १० वं, ज्यूरीत १ लं, पाहणीत १ लं. बेरीज १२. 'ख' हे नाव लोकांच्या मतांत ४ थं, बाकी दोन्हींत ९ वं. बेरीज २२. छोटी बेरीज पुढे, म्हणजे 'क' पुढे. 'ख'ला लोकांची मतं कितीही पट जास्त असोत, काही फरक पडत नाही, कारण क्रमांकात उतरवलं की अंतर मरतं. पहिल्या आणि दुसऱ्यात सहा लाख मतांचं अंतर असो की सहा मतांचं, क्रमांकात ते एकच.

ज्यूरी का ठेवतात? कारण फक्त लोकांच्या मतांवर सोडलं तर जो गट संघटित आहे तो निकाल उचलून नेतो. आणि फक्त ज्यूरीवर सोडलं तर लोक म्हणणार, "मग आम्हाला विचारलं कशाला?" दोन्ही बाजू खऱ्या आहेत. पण लक्षात ठेवायची गोष्ट ही, की कुणाच्या मताला किती वजन द्यायचं हे मतदान सुरू व्हायच्या आधी कुणीतरी एका खोलीत बसून ठरवतं. निकालाचा मोठा भाग तिथंच ठरलेला असतो.

मिस्ड कॉलचं मत कसं मोजलं जायचं?

आज ऐकायला गमतीचं वाटेल, पण २०१२ मध्ये मिस्ड कॉल हे भारतीय तंत्रज्ञान होतं. २०११ च्या भ्रष्टाचारविरोधी आंदोलनात पाठिंबा मिस्ड कॉलने गोळा केला गेला. बंगळुरूची झिपडायल ही मिस्ड कॉलवरच उभी राहिलेली कंपनी पुढे २०१५ मध्ये ट्विटरने विकत घेतली.

तंत्र साधं. प्रत्येक नावाला वेगळा नंबर. तुम्ही फोन लावता, एखादी रिंग होते, पलीकडचा सर्व्हर कॉल कापतो. कॉल उचललाच नाही, त्यामुळे तुमचा पैसा कटत नाही. पण कॉल येताना तुमचा नंबर सर्व्हरला दिसतो. तो नंबर आणि वेळ यादीत जाते. तोच नंबर पुन्हा आला तर दुसऱ्यांदा मोजायचं नाही.

म्हणजे एका नंबरला एक मत. पण एक नंबर म्हणजे एक माणूस का? मार्च २०१२ अखेर देशात ९१ कोटींहून जास्त मोबाइल जोडण्या होत्या. ड्युअल सिमचे स्वस्त फोन नुकतेच बोकाळलेले. आमच्या भागात तेव्हा रिचार्जची ऑफर बघून सिम बदलणारी पोरं होती, एकेकाच्या पाकिटात चार-चार सिमकार्डं. त्याच वेळी कांड्या भरायला येणाऱ्या कित्येक बायकांच्या घरी अख्ख्या कुटुंबात एकच फोन, तोही नवऱ्याच्या खिशात. पोराला चार मतं, त्या बाईला शून्य. कुणी काही खोटं केलं नाही, तरी मोजणी वाकडी झाली.

वेबसाइटवरचं मतदान तर आणखी निसरडं. एका माणसाचं एकच मत ठेवायला तिथं तीन-चार उपाय असतात :

- कुकी : मत दिल्याची खूण ब्राउझरमध्ये ठेवतात. ब्राउझर साफ केला की खूण गेली.
- आयपी पत्ता : एका पत्त्यावरून एकच मत. पण मोबाइल कंपन्या शेकडो ग्राहकांना एकाच पत्त्यामागून इंटरनेट देतात. एकाने मत दिलं की बाकीच्यांना दार बंद.
- कॅप्चा : माणूस की यंत्र एवढंच तपासतो. कोण माणूस, ते नाही.
- ओटीपी : यातला सर्वांत पक्का, पण पुन्हा तेच, एका सिमला एक मत.

निवडणुकीत हे प्रश्न का येत नाहीत? कारण तिथं दोन गोष्टी आहेत : मतदारयादी आणि बोटावरची शाई. यादीमुळे एकूण माणसं किती ते कळतं, शाईमुळे एकाने दोनदा दिलं नाही ते कळतं. ऑनलाइन पोलला यादीही नाही आणि शाईही नाही. त्यामुळे "१९ लाख मतं" म्हणजे किती माणसांपैकी १९ लाख, हे कधीच सांगता येत नाही.

कट आणि रस्सा

आपल्याकडची मिसळ आठवा. पातेल्याच्या वर तरंगतो तो लाल कट. खाली उसळ, रस्सा. कुणी नुसता वरचा चमचा चाखून म्हणाला "सगळं पातेलं असंच जाळ आहे", तर आपण हसू. आधी ढवळायला पाहिजे, मग एक चमचा पुरतो. पाहणी करणारे नमुना निवडतात तो असा ढवळून : शहर, खेडं, वय, बाई, पुरुष यांचं प्रमाण सांभाळून. ऑनलाइन पोलमध्ये जो आपणहून वर येतो तोच मोजला जातो. तो कट आहे. तिखट आहे, खरा आहे, पण पातेलं नाही.

कट कितीही मोठा घेतला तरी हा दोष जात नाही, हे अमेरिकेत १९३६ मध्येच कळलं. लिटररी डायजेस्ट या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या, २० लाखांहून जास्त परत आल्या, आणि त्यांवरून रूझवेल्ट हरणार असं सांगितलं. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यं जिंकले. जॉर्ज गॅलपने कितीतरी कमी माणसांना विचारून विजेता बरोबर सांगितला होता. साप्ताहिकाच्या याद्या फोनवाल्यांच्या, मोटारवाल्यांच्या होत्या. गरीब त्या यादीत जवळजवळ नव्हताच.

बाहेरच्या देशांत काय झालं?

आपण एकटे नाही. थोडक्यात चार देश बघू.

*ब्रिटन, २००२.* चर्चिल ४,५६,४९८ मतांनी पहिले. दुसरे इझम्बार्ड किंगडम ब्रुनेल हे एकोणिसाव्या शतकातले अभियंता, ३,९८,५२६ मतं. त्यांच्या नावाच्या विद्यापीठातल्या पोरांनी जोरदार प्रचार केला होता.

*दक्षिण आफ्रिका, २००४.* मंडेला पहिले, त्यात नवल नाही. पण वर्णद्वेषी राजवटीचा शिल्पकार म्हणून ओळखला जाणारा फेरवूर्ट १९ व्या क्रमांकावर आला. देशात बहुसंख्य काळे, मग हे कसं? फोन आणि इंटरनेट कुणाच्या हातात होतं ते बघा, म्हणजे उत्तर मिळतं. एवढा वाद झाला की वाहिनीने कार्यक्रमच आवरता घेतला.

*नेदरलँड्स, २००४.* कार्यक्रम संपताना पिम फोर्टाइन विजेते जाहीर झाले. नंतर कळलं की वेळेत दिलेली पण तोवर मोजली न गेलेली मतं धरली तर विल्यम ऑफ ऑरेंज पुढे जातात. निकाल मात्र जाहीर झाला तोच राहिला. देशाचा थोर पुरुष कोण, याचं उत्तर यंत्रणा तुंबल्यामुळे बदललं!

*पोर्तुगाल, २००७.* हुकूमशहा सालाझार ४१ टक्के मतांनी पहिला. तिथले सगळे हुकूमशाहीचे भक्त झाले होते असं नाही. ज्यांना काहीतरी ठणकावून सांगायचं होतं त्यांनी फोन उचलला, बाकीचे घरी बसले.

जर्मनीने २००३ च्या पोलमध्ये हिटलरचं नाव आधीच बाहेर ठेवलं होतं. आपल्याकडे गांधीजी सर्वांत उंच म्हणून यादीबाहेर, तिकडे हिटलर याच्या नेमक्या उलट कारणाने. दोन्हीकडे यादी करणाऱ्याने पहिलं मत देऊन टाकलेलं.

मग २०१२ चा निकाल खोटा होता का?

इथं जरा थांबूया, कारण हा युक्तिवाद मी खूप वेळा ऐकलाय : "बाबासाहेबांचे अनुयायी संघटित होते, म्हणून नंबर आला." माझं मत वेगळं आहे. संघटित मतदान म्हणजे फसवणूक नव्हे. ब्रुनेलच्या पोरांना कुणी फसवे म्हटलं नाही. ज्या समाजाला शतकानुशतकं कुठल्याच यादीत जागा नव्हती, त्याच्या हातात पहिल्यांदा असं साधन आलं जिथं मिस्ड कॉलला जात विचारली जात नव्हती. त्याने ते वापरलं. हा निकाल "देशातले इतके टक्के लोक असं मानतात" हे सांगत नाही. तो सांगतो की अमुक इतक्या नंबरांमागच्या माणसांना हे नाव इतकं जवळचं आहे की त्यांनी उठून कृती केली. ही माहिती खरी आहे आणि मोठीही आहे. फक्त तिला टक्केवारी म्हणायचं नाही.

आणि यादीच्या बाहेर कोण राहिलं तेही बघा. १९४७ ची रेघ मारली की शिवाजी महाराज नाहीत, महात्मा फुले नाहीत, सावित्रीबाई नाहीत. ६ मे १९२२ ला गेलेले राजर्षी शाहूही नाहीत. १९०२ मध्ये मागासवर्गासाठी नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखून ठेवणारा राजा नियमामुळे अपात्र!

कबनूरहून माणगाव जवळच आहे, आमच्याच हातकणंगले तालुक्यात. २१ आणि २२ मार्च १९२० ला तिथं परिषद झाली. अध्यक्ष होते २८ वर्षांचे भीमराव आंबेडकर. शाहू महाराज तिथं आले आणि जमलेल्या लोकांना सांगितलं की तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला, हे पुढे साऱ्या देशाचे पुढारी होतील. ना यादी, ना नंबर. एका माणसाने दुसऱ्याला ओळखलं आणि आपलं वजन त्याच्या मागे उभं केलं. तेही उघड, सगळ्यांसमोर. पण तो राजा होता. उघड मताची किंमत त्याला परवडत होती. माझ्या वर्गमित्राला परवडत नाही.

ग्रुपवर पोल टाकताय? हे बघा

२०२३ च्या जूनमध्ये मोबाइलवरच्या स्टेटसवरून कोल्हापुरात केवढा तणाव झाला आणि इंटरनेट बंद करायची वेळ आली, ते आपण विसरलेलो नाही. इतिहासातल्या नावांवरून वर्तमानातली डोकी फुटू शकतात. म्हणून ॲडमिन मंडळींना हात जोडून :

१. आमच्या ग्रुपवरच्या पोलमध्ये कुणी कुणाला मत दिलं ते प्रत्येकाला नावासकट दिसत होतं. पिकनिक कुठं काढायची याला ते ठीक. श्रद्धेच्या विषयाला नाही. त्यासाठी गूगल फॉर्म वापरा आणि 'ईमेल गोळा करा' हा पर्याय बंद ठेवा.

२. फॉर्ममध्ये पर्यायांचा क्रम प्रत्येकाला वेगळा दिसेल अशी सोय आहे, ती चालू करा. वरच्या नावाला उगाच फायदा होतो.

३. एकच नाव मागू नका, तीन मागा. एक निवडायला लावलं की बाकीच्यांना नाकारल्यासारखं होतं.

४. यादी एकट्याने करू नका. निदान दोन बायकांना विचारा. आमच्या यादीत अकरास एक कसं झालं ते त्यामुळेच कळलं.

५. "मत द्या" म्हणून आलेली लिंक मोबाइल नंबर, ओटीपी किंवा व्हॉट्सॲपचा जोडणी कोड मागत असेल तर लगेच बंद करा. 'माझ्या भाचीला मत द्या' म्हणत व्हॉट्सॲप खातं पळवायचा हा जुना डाव आहे. थोर पुरुषांच्या नावानेही तो खेळता येतो.

आम्ही तो पोल काढून टाकला आणि चार दिवसांनी फॉर्म पाठवला. गुप्त, तीन नावांचा, यादी वाढवलेली. पहिलं नाव तेच राहिलं, ते कोणतं हे सांगायची गरज नाही. दुसऱ्यापासून खाली मात्र क्रम पार बदलला. आधीच्या यादीत नसलेली दोन नावं वरच्या पाचांत आली.

फॉर्मच्या शेवटी मी एक जास्तीचा रकाना ठेवला होता : "यांच्यामुळे तुमच्या घरात काय बदललं? एका ओळीत." बहुतेकांनी मोकळा सोडला. ज्यांनी भरला त्यातली एक ओळ अशी होती : "आज्जा कोल्हापुरात बोर्डिंगात राहून शिकला, न्हायतर आमी अजून दुसऱ्याची जनावरं राखत असतो."

कुणी लिहिलंय ते मला माहीत नाही. फॉर्म गुप्त होता ना.